झाकली मूठ कोणाच्या फायद्याची?

कौटुंबिक कंपन्यांच्या विसर्जनाचे तंटे आणि कागदपत्रे पाहण्याच्या हक्काची कुंपणे

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार ज्यासाठी अनेक दशके आंदोलन करीत होते, ती मागणी अखेर पूर्ण झाली. न्याय दाराशी आला, याचा आनंद रास्तच होता. तथापि, या जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनाशी निगडित असलेल्या एका वर्गाच्या तंट्यांना या बेंचचा थेट लाभ मिळत नाही. भावाभावांनी, काका-पुतण्यांनी उभारलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत फूट पडली, तर तिचा निवाडा राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे होतो. त्यावरचे अपील दिल्लीच्या अपिली न्यायाधिकरणाकडे जाते आणि पुढे कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाकडे. म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास काही चुकत नाही.

पण अंतर ही या तंट्यांतील खरी अडचण नव्हे. खरी अडचण आहे ती कागदाची. कंपनीत नेमके काय चालले आहे, हे सांगणारी कागदपत्रे ज्याच्या ताब्यात असतात, त्याच्याविरुद्धच तक्रार असते. आणि तक्रारदाराला ती कागदपत्रे पाहण्याचा हक्क फार तोकडा असतो. कायद्याने घातलेल्या या मर्यादा कितपत न्याय्य आहेत, याचा विचार शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींच्या जिल्ह्यात तरी व्हायला हवा.

फौंड्री आणि घर

कोल्हापूरचे उद्योग घरातून वाढले. ऑइल इंजिनाचे सुटे भाग, कास्टिंग, मशीन शॉप, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग या सर्वांची सुरुवात बहुधा भागीदारीने झाली. एक भाऊ भट्टी पाही, दुसरा बाजारपेठ, तिसरा हिशेब. पुढे बँकेचे कर्ज, मोठे ग्राहक आणि मर्यादित जबाबदारीचे संरक्षण यांसाठी भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. माणसे तीच राहिली, विश्वासही तोच राहिला. बदलली ती फक्त पाटी, असे घरातल्यांना वाटले. कायद्याच्या दृष्टीने मात्र फार मोठी गोष्ट बदलली होती.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिरोलीत तीन भावांची फौंड्री आहे. थोरल्याच्या कुटुंबाकडे ६० टक्के भाग आणि धाकट्या दोघांकडे २०-२० टक्के. मधल्या भावाचे निधन होते. त्याची पत्नी आणि मुलगी भागांच्या वारस ठरतात. दोन-तीन वर्षे लाभांश जाहीर होत नाही. भंगार खरेदीचे कंत्राट थोरल्या भावाच्या मेहुण्याच्या फर्मकडे जाते, असे कानावर येते. धाकटा भाऊ संचालक मंडळात प्रश्न विचारू लागतो, तेव्हा सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताने त्याला संचालकपदावरून दूर केले जाते. मग ‘तुमचे भाग आम्ही घेतो’, असा प्रस्ताव येतो. किंमत कोणत्या आधारावर ठरवली, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘ताळेबंद दिलाय ना!’

येथे पणाला लागलेली गोष्ट साधी आहे. एका विधवेच्या आणि तिच्या मुलीच्या वाट्याची किंमत किती, हे ठरवणारे कागद कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली खरेदीदाराच्या कमरेला आहे.

सभासदाला काय दिसते?

कंपनी कायदा, २०१३ नुसार भागधारकाला काही कागदपत्रे हक्काने मिळतात. लेखापरीक्षित आर्थिक पत्रके मिळतात. सभासदांची नोंदवही आणि वार्षिक विवरणपत्रे पाहता येतात. सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त पाहता येते व मागणी केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत मिळाली पाहिजे. संचालकांचे हितसंबंध गुंतलेल्या करारांची नोंदवहीही सभासदाला खुली असते. या शेवटच्या तरतुदीची माहिती फार थोड्यांना असते. वरच्या उदाहरणातील भंगाराच्या कंत्राटाचा माग काढण्याची ती पहिली पायरी ठरू शकते.

पण खतावणी, रोजकीर्द, खरेदी-विक्रीची बिले, बँकेची खातेपत्रके, संचालक मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त यांपैकी काहीही सामान्य सभासदाला हक्काने पाहता येत नाही. हिशेबाची पुस्तके पाहण्याचा अधिकार कलम १२८ ने संचालकाला दिला आहे, भागधारकाला नव्हे. म्हणूनच धाकट्या भावाचे संचालकपद जाणे ही केवळ मानापमानाची बाब नसते. त्या एका ठरावाने त्याचे डोळेच झाकले जातात. शिवाय ही पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपण्याचे बंधन आहे. तंटा उशिरा पेटला, तर त्याचे मूळ ज्या व्यवहारात आहे त्याचा कागदच उरलेला नसतो.

त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे कुंपण बऱ्याचदा कुटुंबाने स्वतःच उभारलेले असते. कायद्याच्या परिशिष्टात कंपनीच्या नियमावलीचा जो नमुना दिला आहे, त्यात कायदा, संचालक मंडळ किंवा सर्वसाधारण सभा यांनी दिलेल्या अधिकाराखेरीज संचालक नसलेल्या सभासदाला कंपनीचे कोणतेही पुस्तक पाहण्याचा हक्क नाही, असे कलम आहे. कंपनी स्थापन करताना हा नमुना जसाच्या तसा स्वीकारला जातो. त्या दिवशी सारे भाऊ एका ताटात जेवत असतात. ते कलम कोणी वाचत नाही.

भागीदारीत होते, कंपनीत गेले

याच कुटुंबाने भागीदारीच चालू ठेवली असती तर? भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला फर्मची कोणतीही वही पाहण्याचा आणि तिची नक्कल घेण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकले आणि भागीदार मृत झाल्यास त्याच्या वारसांनाही हा हक्क दिला. म्हणजे मधल्या भावाच्या पत्नीला भागीदारीत जे हक्काने पाहता आले असते, ते कंपनीत पाहता येत नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात’ उभी केली, त्या परंपरेतील शहराला हा फरक चटकन कळावा.

सहकाराचा दाखला याहून बोलका आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला सर्वसाधारण सभेचेच नव्हे, तर व्यवस्थापन समितीच्या सभांचे इतिवृत्तही विनाशुल्क पाहण्याचा अधिकार दिला आहे. एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा एका भागाचा धनी असलेला शेतकरी जे मागू शकतो, ते वीस टक्क्यांची मालकी असलेला सख्खा भाऊ मागू शकत नाही.

न्यायालयांनी मात्र अशा कंपन्यांकडे पाहताना भागीदारीचा चष्मा लावलेला आहे. परस्परविश्वासावर उभी असलेली, सर्वांनी मिळून चालवण्याच्या समजुतीने स्थापलेली कंपनी ही मुळात भागीदारीसारखीच असते आणि तो विश्वास संपला तर ‘न्याय्य व समन्यायी’ कारणास्तव ती विसर्जित करता येते, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ मध्ये इब्राहिमी प्रकरणात सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या हिंद ओव्हरसीज प्रकरणात या तत्त्वाचा ऊहापोह केला. परंतु हा शेवटचा उपाय आहे आणि प्रत्येक कौटुंबिक कंपनीला तो सरसकट लावता येणार नाही, असेही बजावले. त्या प्रकरणात विसर्जनाचा अर्ज टिकला नाही. आता २०१३ च्या कायद्यातील कलम २७१ मध्ये हेच कारण कायम आहे. विसर्जन अन्याय्य ठरणार असेल, तर कलम २४१ व २४२ खाली भाग विकत घेण्याचा आदेश देण्यासारखे पर्यायी उपाय आहेत. विसंगती इथेच आहे. कंपनी मोडायची की नाही हे ठरवताना कायदा तिला भागीदारी मानायला तयार होतो. वह्या पाहण्याची वेळ आली की तीच कंपनी पुन्हा कंपनी होते.

न्यायाधिकरणाच्या दारात

तंटा दाखल झाल्यावर चित्र थोडे बदलते. कलम ४२४ ने न्यायाधिकरणाला कागदपत्रे उघड करायला लावण्याचे आणि हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. पण त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीही कलम २४४ चा उंबरठा आहे. सर्वसाधारणपणे एक दशांश भाग किंवा एक दशांश सभासदसंख्या असावी लागते. न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकते. भाग वारसांच्या नावावर चढलेले नसले, तरी मृत सभासदाचे वारस दाद मागू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात स्पष्ट केले. कागद पाहण्याचे वैधानिक हक्क मात्र ‘सभासदा’चेच आहेत. त्यामुळे भागांचे हस्तांतरण अडवून धरले की, वारसाला दावा करता येतो पण कागद पाहता येत नाही, अशी चमत्कारिक अवस्था होते.

पुढची मर्यादा अधिक कठीण आहे. कागद मागायचा तर कोणता, कोणत्या काळातला, कोणत्या मुद्द्यासाठी, हे सांगावे लागते. गळ टाकून बसायचे आणि काय लागते ते पाहायचे, याला न्यायालय परवानगी देत नाही. १९७२ च्या एम. एल. सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार भूमिका घेतली होती. मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही. वादावर प्रकाश टाकण्याची शक्यता असली तरी पुरे, असे म्हटले होते. परंतु वादाच्या न्याय्य निकालासाठी आवश्यक नसेल तर मागणी नाकारण्याचा अधिकारही न्यायालयाकडे आहे. न्यायाधिकरणाचे कामकाज मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर चालते. साक्ष आणि उलटतपासणी विरळाच. त्यामुळे दाखल कागदांचे वजन तेथे अधिकच वाढते.

दुसरीकडे, आरोप मोघम असून चालत नाहीत. बडोद्याच्या गायकवाड राजघराण्यातील तंटा आठवावा. फत्तेसिंहराव गायकवाड यांच्या १९८८ मधील निधनानंतर गायकवाड इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन या कौटुंबिक कंपनीतील भागांवरून जो वाद झाला, तो २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. फसवणुकीचा आरोप करणाऱ्याने त्याचा तपशील अर्जातच दिला पाहिजे, यावर त्या निकालाचा भर होता. तत्त्व बिनचूक आहे. परंतु तपशील द्यायला कागद हवेत आणि कागद मिळायला तपशील हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असा हा प्रकार.

तिसरी मर्यादा वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराची. पक्षकार आणि वकील यांच्यातील सल्लामसलत गोपनीय असते. सनदी लेखापालाला हे संरक्षण नाही. कंपनीच्या पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्याला वकिलाइतके संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले. बाहेरची वारेही भागधारकाला प्रतिकूल आहेत. कंपनीने घेतलेला कायदेशीर सल्ला तिच्या भागधारकापासून लपवता येत नाही, हा इंग्लंडमधील एकोणिसाव्या शतकापासूनचा नियम लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये बर्म्युडातील एका प्रकरणात मोडीत काढला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या डेलावेअर राज्याने भागधारकाला कंपनीचे कोणते कागद पाहता येतील, याची व्याख्या आवळली.

मर्यादा हव्यातच, पण…

या मर्यादांमागे काही कारण नाही असे मानणे चुकीचे ठरेल. कोल्हापुरातील कौटुंबिक तंट्यात बाहेर पडलेला भाऊ रस्त्याच्या पलीकडे दुसरी फौंड्री काढतो, हे काही नवे नाही. त्याला ग्राहकनिहाय दर, पॅटर्नची रेखाचित्रे आणि धातुमिश्रणाचे प्रमाण ‘भागधारक’ म्हणून मिळू लागले, तर नुकसान थोरल्या भावाचे एकट्याचे होत नाही. कामगारांचे, बँकेचे आणि स्वतः त्याच्या वीस टक्क्यांचेही होते. दहा वर्षांच्या बिलांची गाडीभर मागणी करून समोरच्याला जेरीस आणण्याचा उद्योगही होतो. विसर्जनाचा अर्ज हेच मुळात दबावाचे हत्यार असते. अर्ज दाखल झाल्याची कुणकुण लागताच बँक हात आखडते, ग्राहक दुसरीकडे वळतो. कागदांच्या मागणीला लगाम हवा, तो यासाठी.

परंतु लगाम वेगळा आणि डोळ्यांवर पट्टी वेगळी. माहिती दडवणे हेच गैरव्यवस्थापनाचे लक्षण असू शकते, हे कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बार्बाडोसमधील एका कौटुंबिक अभियांत्रिकी कंपनीत सभा बोलावल्या जात नव्हत्या, हिशेब सादर होत नव्हते आणि अल्पमतातील नातेवाइकांना भागांची किंमत समजण्याचा मार्गच उरला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये एवढ्यावरून ती कंपनी विसर्जित करण्यास कारण आहे, असे ठरवले. ताब्यात असलेला पुरावा जो दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा आपल्या पुराव्याच्या कायद्यानेही न्यायालयाला दिली आहे. सतोरी ग्लोबल या कंपनीच्या प्रकरणात २ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सासरच्यांनी कंपनीबाहेर काढलेल्या एका महिलेच्या बाजूने निकाल दिला. वादग्रस्त दानपत्राची वैधता तपासण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, असे त्यात स्पष्ट केले. कागदाच्या मुळाशी जाण्याचे बळ न्यायाधिकरणाकडे आहे. ते वापरण्याचा प्रश्न आहे.

बहुमताच्या मार्गाने कागद मिळतील, ही आशाही फोल असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपल्या शेजारच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. त्या घराण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीत सुमारे २४ टक्के भाग असलेल्या किर्लोस्कर इंडस्ट्रीजने खर्चाच्या स्वतंत्र न्यायवैद्यक लेखापरीक्षणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावायला लावली. ठराव मंजूर झाला नाही. या वादात कोणाची बाजू खरी, हा येथे प्रश्न नाही; घराण्यातील मतभेद मध्यस्थीने मिटवावेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सुचवले होते. मुद्दा इतकाच की, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत, चोवीस टक्क्यांच्या बळावर जे साधले नाही, ते शिरोलीतील चार भिंतींआडच्या कंपनीत वीस टक्क्यांवर साधणे अवघड आहे.

काय करता येईल?

पहिला उपाय न्यायालयाबाहेरचा आणि सर्वांत स्वस्त आहे. कंपनीची नियमावली बदलून, किमान दहा टक्के भाग असलेल्या सभासदाला किंवा त्याच्या वारसाला वर्षातून एकदा स्वतंत्र सनदी लेखापालामार्फत हिशेब तपासण्याचा हक्क देता येतो. लेखापालाने व्यापारी गुपिते बाहेर न देता केवळ निष्कर्ष सांगायचे, अशी अट घालता येते. हे कलम घर एकत्र असताना घालायला हवे. फूट पडल्यावर त्यासाठी लागणारे तीन चतुर्थांश मतदान मिळत नाही. भागीदारीची कंपनी करून देणाऱ्या सल्लागारांनी पक्षकाराला हे सांगणे आपले कर्तव्य मानावे.

दुसरा उपाय वारसांच्या हाती आहे. भाग लगेच नावावर करून घ्यावेत, नोंदवह्यांची पाहणी लेखी मागावी आणि नकार आल्यास तोही लेखी घ्यावा. ‘सारे कागद द्या’ या मागणीपेक्षा ‘अमुक दोन वर्षांतील भंगार खरेदीची खतावणी आणि अमुक फर्मला दिलेली रक्कम’ ही मागणी न्यायाधिकरणात टिकते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आहे. कोणती नोंद केव्हा बदलली, हे सांगणारा हा माग अल्पमतातील सभासदासाठी मोलाचा आहे. तो मागायला मात्र हवा. एक दशांश मताधिकार असल्यास चौकशीच्या आदेशासाठी कलम २१३ खालीही अर्ज करता येतो.

तिसरा उपाय न्यायाधिकरणाचा. पहिल्याच सुनावणीत हिशेब आणि संगणकीय नोंदी जपून ठेवण्याचा आदेश, मग आर्थिक कागदांची पाहणी, आणि व्यापारी गुपिते केवळ दोन्ही बाजूंच्या वकील-लेखापालांपुरती, अशी टप्प्याटप्प्याची पद्धत रूढ झाली, तर गळ टाकण्याची तक्रारही उरणार नाही आणि कपाटाचे कुलूपही निघेल. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने पक्षकारांवर वादाशी संबंधित सारे कागद आरंभीच उघड करण्याची सक्ती केली आहे. त्याच शिस्तीचा आशय कंपनी न्यायाधिकरणात आणायला अडचण नसावी.

चौथा उपाय संसदेचा. थोडे सभासद असलेल्या प्रायव्हेट कंपनीत भागीदारी कायद्यातील पाहणीचा हक्क मर्यादित स्वरूपात तरी द्यायला हवा. महाराष्ट्राने १९८४ मध्ये मृत भागीदाराच्या वारसाचा विचार केला. चार दशकांनंतर मृत भागधारकाच्या वारसाचा विचार करायला हरकत कोणती?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. भाग विकायला लावलेल्या विधवेच्या बाबतीत ती मूठ सव्वा लाखाची आहे की सव्वा कोटीची, हे फक्त मूठ झाकणाऱ्यालाच ठाऊक असते. कंपनी मोडावी की वाचवावी, याचा निर्णय न्यायाधिकरण करील. परंतु वाटा विकण्यापूर्वी त्याची किंमत समजणे, एवढा हक्क घरातल्या माणसाला विसर्जनाचा अर्ज न करताही मिळाला पाहिजे. तसे झाले, तर यांतील कितीतरी अर्ज मुंबईपर्यंत जाणारच नाहीत.